उत्तरेकडची सात घरं

ग्रुंडेनाउच्या मुख्य रस्त्यावर मी एकतीस वर्षं टपाल वाटलं. सकाळी वरच्या वेशीपाशी सुरुवात करायची. मग हरणाच्या पाटीचं औषधांचं दुकान, राजहंस खानावळ, नगरपालिकेचं घड्याळ, सिंहाचा हौद असं करत उताराने पुलापर्यंत जायचं आणि समोरच्या बाजूने परत वर यायचं. खालची वेस मी पाहिलेली नाही. माझे आजोबा लहान असतानाच ती पाडली, कारण गवताने भरलेल्या गाड्या तिच्या कमानीत अडकायच्या. तिच्याच दगडांतून पुलाचे कठडे बांधले. आमच्या गावाला ती सवयच होती. वाटेत अडकलं की पाडायचं आणि दगड दुसरीकडे लावायचे.

१९७३ साली पाळी आली उत्तरेकडच्या सात घरांची. नऊ नंबरपासून एकवीस नंबरपर्यंत, सगळे विषम आकडे.

हा रस्ता मुळात मिठाच्या गाड्यांसाठी झालेला. समोरासमोर आलेल्या दोन गाड्या एकमेकींना घासत का होईना निघून जाव्यात, एवढीच त्याची रुंदी. त्या सात घरांपाशी तर तेवढीही नाही. आणि आता तिथून दगडखाणीचे ट्रक जायचे, मागे ट्रेलर जोडलेले. खिडक्यांच्या झडपा उडायच्या, कोपरे खरवडले जायचे, ते सगळं लोक सहन करत होते. पण आदल्या नोव्हेंबरात बेकरीवाल्या हामरची बायको त्सिला ट्रकला वाट द्यायला तेरा नंबरच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली, आणि ट्रेलर वळताना आत आला. तिचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्यानंतर रस्ता रुंद करायला नको म्हणायची कुणाची छाती होणार?

नगराध्यक्ष होता बेर्टोल्ड हेलबिग. माणूस वाईट नव्हता. त्सिला इस्पितळात होती तेव्हा दर रविवारी तिला भेटायला जायचा. त्याने योजना मांडली की सातही घरं पालिकेने घ्यायची, पाडायची, रस्ता दुप्पट करायचा आणि दोन्ही बाजूंना पादचाऱ्यांसाठी चांगला पदपथ बांधायचा. घरमालकांना टेकडीवरच्या नव्या इमारतीत फ्लॅट, आत न्हाणीघर, नळाला गरम पाणी. तो म्हणायचा, अशी काय ती घरं आहेत, करड्या गिलाव्याची खोकी तर आहेत. खरं सांगायचं तर दिसायचीही तशीच. मी इतकी वर्षं त्यांच्या दारांत पत्रं टाकली, पण मान वर करून एकदाही पाहिलं नव्हतं.

सातही घरांना पालिकेची पत्रं मीच नेऊन दिली. सहा जणांनी महिन्याभरात सह्या केल्या. पंधरा नंबरच्या वालबुर्गा श्टाबने माझ्यासमोर दारातच पाकीट फोडलं, उभ्या उभ्या वाचलं, माझ्या कानावरची पेन्सिल काढून घेतली आणि कागदाच्या मागे मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘नाही’.

"परत जाताना पालिकेत देऊन टाक," ती म्हणाली.

मी म्हणालो, "श्टाबबाई, असं नाही देता येत. तिकीट लावावं लागतं."

ती आत गेली, तिकीट घेऊन आली, चाटून लावलं आणि कागद माझ्या थैलीत घातला.

वालबुर्गा तेव्हा एकसष्ट वर्षांची होती. त्याच घरात जन्मलेली. नवरा आलोइस गिलाव्याचा कारागीर, दोन वर्षांपूर्वी वारलेला. मूल नव्हतं. परसात शेडमध्ये नवऱ्याची परांची, शिड्या, थापी, हातोडे, सगळं तेल लावून ठेवलेलं. तिच्या ‘नाही’मागे काय आहे ते तिने मला पुढच्या आठवड्यात सांगितलं, मी पेन्शनचा कागद घेऊन गेलो तेव्हा.

ही घरं खोकी नाहीत, ती म्हणाली. गिलाव्याच्या आत ओकच्या लाकडाचे सांगाडे आहेत, खांब, तिरके टेके, तुळया, आणि मधल्या चौकोनांत काटक्या-मातीची भर. ती लहान असताना ते सगळं उघडं होतं. पुढे लोकांना त्याची लाज वाटायला लागली. लाकडाचं घर म्हणजे खेड्यातला गोठा, दगडाचं घर म्हणजे शहर. मग एकाने गिलावा करून घेतला, त्याचं बघून दुसऱ्याने. १९३६ च्या एका उन्हाळ्यात सातही घरं करडी होऊन गेली. हे काम ज्या उस्तादाने घेतलं होतं, त्याच्या हाताखाली आलोइस होता.

"आमच्या घराला गिलावा करायला आला आणि इथेच राहिला," वालबुर्गा म्हणाली. "मी चोवीस वर्षांची होते. रोज दहा वाजता त्याला परांचीवर कॉफी नेऊन द्यायचे. तेव्हा आम्ही काय झाकतोय याचा विचार ना त्याने केला, ना मी."

"मग आता काय करणार?" मी विचारलं.

"उघडं करणार," ती म्हणाली.

ती पालिकेत गेली आणि अर्ज केला. घराच्या दर्शनी भागाच्या गिलाव्याची दुरुस्ती, परांची सहा आठवडे. कारकुनाने नेहमीसारखा शिक्का मारून दिला. ईस्टरनंतरच्या मंगळवारी आलोइसच्या जुन्या दोन साथीदारांनी परांची उभी करून दिली आणि ते निघून गेले. वालबुर्गाने नवऱ्याची विजार चढवली, कमरेला दोरी बांधली, डोक्याला रुमाल गुंडाळला आणि छिन्नी-हातोडा घेऊन वर चढली.

मी त्या सकाळी हौदापाशी होतो. पहिला ठोका ऐकला तेव्हा वाटलं, कुणीतरी दार ठोकतंय. मग गिलाव्याचा मोठा तुकडा खाली फरशीवर फुटला आणि राजहंसमधले लोक बाहेर आले.

परांची रस्त्यात हातभर पुढे आलेली. त्यामुळे आणखी एक गोष्ट झाली, जिचा विचार तिनेसुद्धा केला नव्हता. दगडखाणीचे ट्रक तिथून जाईनात. दोन दिवस हॉर्न वाजवले, शिव्या दिल्या, तिसऱ्या दिवसापासून ते गिरणीच्या मागच्या शेतवाटेने गावाला वळसा घालून जायला लागले.

लाकूड निघालं. पण जे निघालं ते पाहून लोक हसले. गिलाव्याला पकड मिळावी म्हणून कारागिरांनी त्या काळी खांबांवर आणि तुळयांवर कुऱ्हाडीने टोचे मारले होते. वीतभर अंतरावर एक, वरपासून खालपर्यंत. तुळयांची जी टोकं नक्षी कोरून बाहेर काढलेली असतात, तीही गिलावा सपाट यावा म्हणून तासून टाकलेली. खानावळीत कुणी म्हणालं, उंदरांनी कुरतडलेलं घर आहे. औषधवाला म्हणाला, बाईने स्वतःचं घर सोलून काढलं आणि आत निघाली कवडी.

चौथ्या दिवशी मी गेलो तर वालबुर्गा पायरीवर बसली होती. हातोडा शेजारी. पापण्यांवर चुना.

"हे त्याचेच घाव आहेत," ती म्हणाली. "आलोइस डावखुरा होता. बघ, सगळे डावीकडून तिरके. हे मारताना शीळ घालत होता तो. आणि मी खाली उभी राहून कौतुकाने बघत होते."

मी म्हणालो, तेव्हा सगळेच असं करत होते.

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून काही लाकूड भरून येत नाही."

ती पाच मिनिटं बसली असेल. मग उठली आणि परत वर चढली.

त्याच आठवड्यात हेलबिग स्वतः आला. तो आणि वालबुर्गा शाळेत एका वर्गात होते, म्हणून त्याने पालिकेतल्या कुणाला पाठवलं नाही. रस्त्यात उभं राहून तो वर बघत म्हणाला, "वालबुर्गा, खाली ये. वय काय तुझं, आणि चढलीयेस कुठे?"

"तुझ्याएवढंच वय आहे माझं, बेर्टोल्ड. शाळेच्या भिंतीवरून उडी मारताना रडला होतास तू, मी नव्हते रडले."

लोक हसले, तोही हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "अगं, मला ह्या लाकडाशी काय वैर आहे? पण त्सिलाचा पाय गेला. उद्या एखादं मूल जाईल. तेव्हा लोक मला विचारतील, तुला नाही."

वालबुर्गाने हातोडा खाली ठेवला. त्सिला तिची जवळची मैत्रीण होती. शेवटी ती एवढंच म्हणाली, "सभा कधी आहे?"

"बावीस जूनला."

"तोवर मला काम करू दे."

तो मान हलवून गेला. तिला तो अडवू शकत नव्हता. शिक्का त्याच्याच कचेरीचा होता.

वालबुर्गाने राज्याच्या जुन्या वास्तूंच्या खात्याला पत्र लिहिलं. एक नाही, चार. चारही मीच रजिस्टरने पाठवली. मेच्या मध्यावर तिथून एक बाई आल्या, डॉक्टर रेनाटे हूट. पस्तिशीच्या, छोट्याशा गाडीतून, पायांत शहरी चपला. त्या परांचीवर चढल्या, सगळे खांब हाताने चाचपले, फोटो काढले. मग खाली येऊन त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. घर पावणेचारशे वर्षांचं आहे, यात शंका नाही. पण इतकं तोडलेलं आहे की ह्या एका घराच्या जोरावर पालिकेची योजना थांबवता येणार नाही. ओळीत आणखी काही निघालं, शाबूत असं काही, तर गोष्ट वेगळी. सभेच्या आधी त्या एकदा येऊ शकतील, वीस जूनला.

"बाकीच्यांनी सह्या केल्यात," वालबुर्गा म्हणाली. "त्यांच्या भिंतींना मी हात कसा लावू?"

"ते मी सांगू शकत नाही," हूटबाई म्हणाल्या. त्यांना वाईट वाटलं असावं, कारण गाडीत बसल्यावरही बराच वेळ त्यांनी गाडी सुरू केली नाही.

परांचीची सहा आठवड्यांची मुदत संपत आली तेव्हा वालबुर्गाने दुसरा अर्ज केला, रंगकामासाठी, जूनअखेरपर्यंत. कारकुनाने त्यावरही शिक्का मारला. त्याला ह्यासाठी पुढे बरंच ऐकून घ्यावं लागलं.

आता सतरा नंबरबद्दल सांगतो. पंधरा आणि सतरा नंबरच्या मध्ये एक बोळ आहे, इतका अरुंद की माणूस तिरका होऊन जाईल. बोळाच्या पलीकडे सतरा नंबरचा कोपरा. त्या कोपऱ्याला सगळं गाव ‘आलोइसचं पोट’ म्हणायचं. पहिल्या मजल्याच्या उंचीवर तिथला गिलावा फुगून बाहेर आलेला होता, बियर पिऊन सुटलेल्या पोटासारखा. नवीन कारागीर शिकायला लागला की त्याला तो कोपरा दाखवायचे, असं काम करू नकोस म्हणून. आलोइस राजहंसमध्ये बसलेला असायचा तेव्हासुद्धा लोक त्याच्या तोंडावर बोलायचे. तो ग्लास उचलायचा आणि म्हणायचा, तरुण होतो, ओळंबा चुकला.

परांचीच्या टोकाशी काम करताना वालबुर्गाचा हात त्या कोपऱ्यापर्यंत पोचायचा. आठवडाभर ती त्याच्याकडे बघत होती. आपल्या सगळ्या घराचा गिलावा तिने स्वतःच्या हाताने काढला होता, आणि तो कुठेही दोन बोटांपेक्षा जाड नव्हता. मग इथेच वीतभर जाड कसा?

सतरा नंबरचा मालक लेओनहार्ट ट्रुंक. घोड्यांचे साज आणि चामड्याच्या पिशव्या शिवायचा, खालच्या मजल्यावर कारखाना. पासष्टीचा, कमी बोलणारा. त्याने सही केली होती. वालबुर्गा त्याच्या दारात गेली आणि म्हणाली, मला तुझ्या कोपऱ्याचा थोडा गिलावा काढू दे. तो म्हणाला, माझ्या बायकोने नव्या न्हाणीघरासाठी पडदासुद्धा शिवून ठेवलाय. आणि माझ्या बापाने मरेपर्यंत त्या कोपऱ्याला शिव्या दिल्या, आता तू त्याचं आणखी काय करणार? नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती परत त्याच्या दारात उभी. "आज?"

"नाही."

ती वाद घालायची नाही. वळायची आणि आपल्या परांचीवर चढायची. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. रविवार सोडून अकरा दिवस हे चाललं. मी सातच्या सुमाराला तिथूनच जायचो, टपालगाडी गाठायला. मलाही सवय झाली. ‘आज?’ ‘नाही.’ लेओनहार्टची बायको आतून भांडी आपटायची.

बाराव्या दिवशी, सोळा जूनला शनिवारी, वालबुर्गाने काही विचारायच्या आतच लेओनहार्ट बाहेर आला. त्याच्या हातात दोरीला बांधलेला ओळंबा होता.

"काल तू जेवायला गेलीस तेव्हा मी माळ्याच्या खिडकीतून हा सोडून पाहिला," तो म्हणाला. "पोटाच्या वरचा कोपरा सरळ आहे. खालचा सरळ आहे. केसाचाही फरक नाही. मी पन्नास वर्षं चामडं शिवतोय. वर सरळ शिवणारा आणि खाली सरळ शिवणारा माणूस मधेच वाकडा जात नाही. तो मुद्दाम गेलाय."

वालबुर्गाने कमरेच्या दोरीत हातोडा खोचला.

"छातीएवढा तुकडा काढ," तो म्हणाला. "त्याच्याहून जास्त नाही. शिडी मी धरतो."

मी टपालगाडी जाऊ दिली. त्या दिवशी वरच्या आळीला पत्रं दोन तास उशिरा मिळाली, आणि त्याबद्दल मला ताकीदही मिळाली.

वालबुर्गाने छिन्नी तिरकी धरून हलके ठोके मारले. गिलाव्याचा थर पडला. त्याच्या खाली चुना-मातीचा दुसरा थर, मग लाकडी पट्ट्या, एकीला एक लागून ठोकलेल्या. तिने पकडीने खिळे काढले. पट्ट्यांच्या मागे पेंढा होता, घट्ट कोंबलेला, सदतीस वर्षांनंतरही पिवळा. पेंढ्याच्या मागे गोणपाट. तिने गोणपाटाचं टोक धरून खाली ओढलं आणि आतून एक नाक बाहेर आलं.

लाकडाचं नाक. मग गाल, मग बाहेर काढलेली जीभ. पाठीवर मिठाची गोणी घेऊन गुडघ्यांत वाकलेला हमाल, हातभर उंच, कोपऱ्याच्या खांबातच कोरलेला. गोणीच्या घडीत लाल रंग अजून होता. पायाखाली १५८९ हा आकडा आणि सुताराची खूण. आणि अंगावर कुठेही कुऱ्हाडीचा एक घाव नाही.

खाली पंधरावीस माणसं जमली होती. लेओनहार्टने एका हाताने शिडी धरली होती, दुसऱ्या हाताने टोपी काढली.

वालबुर्गा खाली उतरली. मला वाटलं, ती रडेल. पण ती रागावली होती.

"त्याला तासून टाक म्हणून सांगितलं असणार," ती म्हणाली. "उस्तादानेच. बाकी सगळं तासलं, हे नाही तासलं. हाकलून दिलं असतं त्याला, म्हणून झाकून ठेवलं. तेवढं मला कळतं. पण नंतर? उस्ताद मेला, लेओनहार्टचा बाप मेला. पस्तीस वर्षं लोकांचं ऐकून घेतलं आणि रोज रात्री माझ्या शेजारी झोपला. मला सांगितलं असतं तर काय झालं असतं?"

लेओनहार्ट म्हणाला, "सांगितलं असतं तर तू बोलली असतीस."

"हो," ती म्हणाली. "राजहंसमध्ये जाऊन बोलले असते."

वीस जूनला हूटबाई आल्या. चपला खाली काढून शिडीवर चढल्या आणि अर्धा तास खाली उतरल्याच नाहीत. उतरल्यावर म्हणाल्या की सुताराची हीच खूण त्यांना पंधरा नंबरच्या तुळईवरही दिसली होती, टोच्यांच्या मध्ये अर्धवट. म्हणजे सगळी ओळ एकाच हातची असण्याचा संभव आहे. पंधरा आणि सतरा ही दोन घरं त्यांनी तिथल्या तिथे तात्पुरत्या संरक्षणाखाली आणली आणि तसं पत्र पालिकेला दिलं. बाकी पाच घरांचं मात्र सभेच्या हातात होतं. आणि पाच पाडून दोन ठेवली तर ती दोन रस्त्याच्या मधोमध राहणार, म्हणजे फार दिवस राहणार नाहीत, हे सगळ्यांना कळत होतं.

बावीस तारखेला संध्याकाळी पाचला पालिकेच्या वरच्या मजल्यावर सभा भरली. मी मागे भिंतीशी उभा होतो. हूटबाईंचं पत्र वाचून दाखवलं. हमालाचे फोटो हातोहात फिरले. एकोणीस सभासदांपैकी बरेच जण बदलल्यासारखे वाटत होते. तेव्हा हेलबिग उठला. तो ओरडून बोलला नाही. तो म्हणाला, ते लाकूड सुंदर आहे, मीही काल जाऊन पाहून आलो. पण एका पारड्यात लाकडाचा माणूस आणि दुसऱ्यात त्सिला हामरचा पाय, असा प्रश्न आला तर मी डोळे मिटून त्सिलाच्या बाजूने मत देईन. तुम्हीही द्याल.

वालबुर्गा पहिल्या बाकावर होती. तिची पाठ ताठ होती, पण तिने मान खाली घातलेली मी पाहिली. मैत्रिणीच्या पायावर बोलायची तिची तयारी नव्हती.

मग दाराजवळ कुबड्या वाजल्या. त्सिला उभी राहिली होती. नवरा तिला बसवायला बघत होता, तिने त्याचा हात झटकला.

"माझं नाव घेतलंस म्हणून बोलते, बेर्टोल्ड," ती म्हणाली. "नाहीतर मी बोलणार नव्हते. माझा पाय भिंतीने नाही घेतला. ट्रकने घेतला. भिंत होती तिथेच होती."

कुणीतरी खोकलं. तिने कुबड्या नीट काखेत घेतल्या.

"वालबुर्गाची परांची लागून आठ आठवडे झाले. आठ आठवडे ट्रक गिरणीमागून जातायत. ह्या आठ आठवड्यांत मी रोज ह्या कुबड्यांवर एकटी बेकरीपासून चर्चपर्यंत जाऊन आले. त्याआधी मी सहा महिने दाराबाहेर पडले नव्हते, हे इथे कुणाला माहीत आहे? रस्ता दुप्पट केलास तर तेच ट्रक दुप्पट जोराने येतील. मला दुसरा पायही आहे अजून. ते गिरणीकडूनच जाऊ देत. तिथे नीट सडक बांध, आणि तिचं श्रेय हवं तर माझ्या पायाला दे. पण माझ्या पायाच्या नावावर लेओनहार्टचं घर पाडू नकोस."

ती बसली. हेलबिग उभाच होता. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाला की शेतवाटेची जमीन चार जणांच्या मालकीची आहे, त्यांच्याशी बोलावं लागेल. त्यावरून मला कळलं की तो आता रस्ता कुठून न्यायचा त्याचाच विचार करतोय.

मतं पडली. घरं पाडू नयेत म्हणणारे अकरा, पाडावीत म्हणणारे आठ. हेलबिगने अकरांमध्ये हात वर केला.

सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. नऊ आणि अकरा नंबरच्या मालकांनी तोवर टेकडीवर बिऱ्हाड हलवलं होतं, घरं रिकामी पडली, त्या हिवाळ्यात बर्फाने नऊ नंबरचं छप्पर खचलं आणि पुढच्या वसंतात ती दोन्ही उतरवावी लागली. तिथे आता गाड्या उभ्या असतात. लेओनहार्टच्या बायकोने वालबुर्गाशी दोन वर्षं अबोला धरला. शेवटी मागच्या बाजूला हूटबाईंच्या परवानगीने न्हाणीघर बांधलं तेव्हा कुठे तो सुटला. गिरणीमागची सडक व्हायला सात वर्षं लागली. तोवर ट्रक धूळ उडवत शेतवाटेनेच गेले, आणि गिरणीवाला आम्हाला सगळ्यांना शिव्या देत राहिला. त्याचंही चूक नव्हतं.

हूटबाईंच्या खात्याने वालबुर्गाला सांगितलं होतं, तुमच्या खांबांवरचे टोचे नव्या ओकच्या तुकड्यांनी भरून देतो, पाच पावलांवरून कळणारही नाही. तिने नको म्हणून कळवलं. का, असं मी विचारलं. ती म्हणाली, ते आमचं दोघांचं काम आहे, ते आहे तसं दिसू दे.

सभेनंतरच्या सोमवारी परांची उतरवायला आलोइसचे साथीदार आले, तर तिने त्यांना ती तेरा नंबरला लावायला सांगितली. तिथल्या मालकाने स्वतःच तिला बोलावलं होतं. कारागीर लावायला नको म्हणाला, त्यांना कुठे जपून ठोकायचं ते कळत नाही. तेरा नंबरला दीड वर्ष गेलं. लोक शनिवारी मदतीला यायला लागले. मीही जायचो, खाली पडलेला चुना घमेल्यात भरून हातगाडीवर टाकायला. हेलबिग एकदा येऊन तास दोन तास काम करून गेला आणि नंतर आठवडाभर खांदा चोळत फिरत होता.

१९७६ च्या शरदात ती एकोणीस नंबरच्या दुसऱ्या मजल्यावर होती. चौसष्ट वर्षांची, गुडघ्याला पट्टा बांधलेला. मी खालून हाक मारून तिला पत्र आल्याचं सांगितलं आणि म्हणालो, "श्टाबबाई, आता पुरे की. एवढं झालं, बाकीचं तरुण लोक करतील."

तिने दोरीला बांधलेली टोपली खाली सोडली, मी त्यात पत्र ठेवलं.

"एकवीस नंबरच्या मालकाशी बोलणं झालंय," ती वरून म्हणाली. "एप्रिलमध्ये सुरू करायचंय. तू शनिवार मोकळा ठेव."